खाडीच्या पाण्यातले पाहुणे आणि रहिवासी

आपट्याच्या अंगाने पाताळगंगा वाहते. खोपोलीकडून घाटाचे पाणी घेऊन ती खाली उतरते, रसायनीच्या कारखान्यांजवळून आपट्याला येते आणि पुढे खारपाड्याचा पूल ओलांडून धरमतरच्या खाडीला मिळते. तिथून मुंबईचे बंदर फार दूर नाही. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी याच वाटेने उलट वर चढते. नदी कोठे संपली आणि समुद्र कोठे सुरू झाला, हे काठावर उभे राहून सांगता येत नाही.

आमच्या भागातील एका शाळेतल्या बाई मुलांना पाण्याच्या प्रदूषणाचा धडा शिकवत होत्या. एका मुलाने त्यांना विचारले, "बाई, नदीत घाण गेली तर नदी खराब होते, हे कळले. पण समुद्र केवढा मोठा! शिवाय तो खारट. मिठात लोणचे वर्षभर टिकते, सुकी मासळी टिकते. मग समुद्रात गेलेले रोगजंतू मरूनच जात असतील ना?" बाईंनी तो प्रश्न माझ्यापर्यंत आणला. त्याला आणखी एक बाजू होती. त्या मुलाची आई खाडीवर कालवे फोडून बाजारात विकते. त्याला पुस्तकातल्या उत्तरापेक्षा घरच्या टोपलीचे उत्तर हवे होते.

समुद्र सारे काही पोटात घालतो, असे आपण म्हणतो. म्हणण्यापुरते ते ठीक आहे. परंतु पोटात घातलेल्या गोष्टीचे पुढे काय होते, हे समजायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला. या शोधाची कथा बरीचशी आपल्याच किनाऱ्यावरून जाते.

मोडशी

पोट बिघडून उलट्या-जुलाब झाले की आपल्याकडे जुनी माणसे 'मोडशी झाली' म्हणतात. हा शब्द फार लांबचा प्रवास करून आला आहे. १५४३ साली गोव्यात उलट्या-जुलाबाची भयंकर साथ आली. पोर्तुगीज बखरकार गास्पार कोरेया याने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. माणसे इतकी मरू लागली की प्रत्येक मृत्यूसाठी चर्चची घंटा वाजवू नये, असा हुकूम गव्हर्नरला काढावा लागला. पुढे १५६३ साली गोव्यातच छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने या रोगाची चर्चा केली. पोर्तुगीजांनी आपला 'मोडशी' हा शब्द उचलला आणि त्याचे 'मोर्देशीं' केले. फ्रेंचांनी त्याचे आणखी रूपांतर केले, ते 'मोर द शियां', म्हणजे कुत्र्याचे मरण!

केवळ लक्षणांवरून रोगाचा नेमका जंतू ठरवता येत नाही. त्यामुळे १५४३ ची साथ म्हणजे आजची पटकीच, असे ठामपणे म्हणता येणार नाही. मात्र एवढे दिसते की खाड्यांच्या या प्रदेशाला असल्या रोगाची ओळख जुनी आहे. कोकणात गावोगावी दिसणारी जरीमरीची देवळेही तेच सांगतात.

१८१८ : पुणे, पनवेल, मुंबई

पटकीची पहिली जागतिक साथ १८१७ साली बंगालमधील जेसोरजवळ सुरू झाली. वर्षभरात ती दख्खनमध्ये पोचली. १८१८ च्या पावसाळ्यात ती पुण्याहून घाट उतरून पनवेलला आली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत शिरली. मुंबईतील सुरुवातीचा रुग्ण पनवेलहून आलेला माणूस होता, अशी नोंद त्या वेळच्या वैद्यकीय अहवालांत आहे.

हे स्वाभाविकच होते. तेव्हा रेल्वे नव्हती आणि गाडी चालेल असा बोरघाटाचा रस्ताही १८३० पर्यंत झालेला नव्हता. पुण्याचा माणूस घाट उतरून पनवेलच्या बंदरात येई आणि तेथून होडीने मुंबईस जाई. पनवेल हे खाडीवरचे गाव म्हणजे दोन शहरांमधला उंबरठा होता. रोगाने माणसांचीच वाट धरली.

या प्रवासाची नोंद करणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरांचा कल, हा रोग माणसाबरोबर येतो, असे मानण्याकडे होता. बंगालमधील डॉक्टर मात्र हवेतील दोषाला जबाबदार धरत होते. हा वाद पुढे साठ-सत्तर वर्षे चालला. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो याने ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवले. त्याच वर्षी इटलीत फिलिप्पो पाचिनी याने पटकीने मेलेल्यांच्या आतड्यात स्वल्पविरामाच्या आकाराचे जीवाणू पाहिले. पण पाचिनीकडे त्या काळी कोणी फारसे लक्ष दिले नाही.

कॉखचे तळे आणि एक विसरलेली शंका

१८८३ साली रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ पटकीच्या मागावर आधी इजिप्तमध्ये आणि डिसेंबरमध्ये कलकत्त्यात आला. १८८४ च्या सुरुवातीला त्याने हा जीवाणू रुग्णांच्या आतड्यातून वेगळा करून वाढवला. एवढ्यावर तो थांबला नाही. शहराजवळच्या एका तळ्याच्या काठी साथ आली होती. लोक त्याच तळ्यात कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत. त्या पाण्यातही त्याला तोच जंतू सापडला. माणूस, पाणी आणि पुन्हा माणूस, अशी साखळी पुरी झाली.

कॉखने आणखी एक शंका बोलून दाखवली होती. या रोगाचे मूळ घर सुंदरबनात असावे, असे त्याला वाटत होते. तेथे नद्यांचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी मिसळते आणि वनस्पती-प्राण्यांची दाटी असते. म्हणजे जंतू माणसाखेरीज निमखाऱ्या पाण्यातही नांदत असावा. पुढच्या पिढ्यांनी कॉखची साखळी लक्षात ठेवली, पण ही शंका त्या विसरल्या. कारणही समजण्यासारखे होते. शुद्ध पाणी आणि गटारे यांच्या जोरावर युरोपातून पटकी हटत चालली होती. जंतू माणसाच्या आतड्यातला आहे, बाहेर तो चार दिवसांचा पाहुणा आहे, हे मानून काम भागत होते.

त्यातूनच पाणी तपासण्याची एक सोपी युक्ती निघाली. १८८५ साली थिओडोर एशेरिख याने तान्ह्या मुलांच्या विष्ठेत जो जीवाणू शोधला, त्याला आज आपण ई. कोलाय म्हणतो. तो प्रत्येकाच्या आतड्यात कोट्यवधींनी असतो. पाण्यात तो सापडला, तर तेथे मैला पोचला आहे आणि मैल्याबरोबर विषमज्वराचे किंवा पटकीचे जंतूही आलेले असू शकतात, असा अर्थ घ्यायचा. चोर पकडणे अवघड, म्हणून त्याच्या पावलांचे ठसे मोजायचे! कोलिफॉर्म चाचणी ती हीच. तिने आजवर असंख्य जीव वाचवले आहेत.

मेजवानीतली कालवे

शहरांनी गटारे बांधली, पण त्या गटारांचे तोंड कोठे उघडायचे? किनाऱ्यावरच्या शहरांनी समुद्राकडे बोट दाखवले. मुंबईनेही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपला मैला वरळीच्या समुद्रात सोडला.

समुद्र तो खरोखरच नष्ट करतो का? काही अंशी, होय. आतड्यातला जीवाणू उबदार, अंधाऱ्या, अन्नाने भरलेल्या जागेत वाढलेला असतो. समुद्रात त्याला क्षार, उपासमार, सूर्याचे अतिनील किरण आणि त्याला खाणारे सूक्ष्म जीव यांना तोंड द्यावे लागते. स्वच्छ पाण्यात, भर उन्हात ई. कोलायपैकी नव्वद टक्के काही तासांत निकामी होतात. रात्री किंवा गढूळ पाण्यात मात्र याला कित्येक पट वेळ लागतो. आपल्या खाड्यांचे पाणी गाळाने गढूळ असते आणि पावसाळ्यात तर सूर्यही नसतो, हे येथे लक्षात ठेवावे.

शिवाय समुद्रात विरळ झालेली गोष्ट पुन्हा गोळा करणारे प्राणीही असतात. १० नोव्हेंबर १९०२ रोजी इंग्लंडमधील विंचेस्टर आणि साउथॅम्प्टन या दोन शहरांत महापौरांच्या मेजवान्या झाल्या. दोन्हीकडे कच्ची कालवे वाढली होती. काही दिवसांतच अनेक पाहुणे विषमज्वराने आजारी पडले. विंचेस्टरच्या कॅथीड्रलचे डीन त्यात दगावले. दोन्ही ठिकाणची कालवे एम्सवर्थ या गावाची होती आणि त्या गावाची गटारे कालवांच्या पट्ट्यातच उघडत होती. पिढ्यान्पिढ्या चालत आलेला एम्सवर्थचा धंदा त्या एका रात्रीनंतर बसला.

कालव, तिसरी, शिवली हे प्राणी पाणी गाळून जगतात. एक मोठे कालव ताशी काही लिटर पाणी कल्ल्यांतून काढते आणि त्यातले कण ठेवून घेते. त्या कणांत जीवाणूही आले. म्हणून पाण्यात विरळ असलेले जंतू कालवाच्या पोटात दाट होतात. धंदा बुडाला तो कालवे काढणाऱ्यांचा, गटारे बांधणाऱ्यांचा नव्हे. हा भागही विसरण्यासारखा नाही.

मीठ आवडणारा जंतू

इथवरच्या गोष्टीत समुद्रातले रोगजंतू म्हणजे जमिनीवरून आलेले पाहुणे होते. १९५० च्या ऑक्टोबरमध्ये जपानच्या ओसाका भागात अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन २७२ लोक आजारी पडले आणि २० मरण पावले. त्सुनेसाबुरो फुजिनो यांना त्यात एक अनोळखी जीवाणू सापडला. काही वर्षांनी योकोहामात एका रुग्णालयातील विषबाधेचा छडा लावताना ताकिकावा यांना तसाच जीवाणू मिळाला. तो ज्या पदार्थात मिळाला, तो होता खारवलेली काकडी! ताकिकावांनी दाखवून दिले की हा जीवाणू मीठ सोसतो एवढेच नव्हे, मिठावाचून तो वाढतच नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या लोणच्याच्या युक्तिवादाला निसर्गाने दिलेले हे उत्तर.

प्रयोगशाळांत आतड्याचे जंतू शोधण्यासाठी वापरत ते पोषकद्रव्य बहुधा कमी मिठाचे असे. अशा बशीत या जंतूचे बी रुजणार कसे? तो दिसत नव्हता, कारण त्याला हवे असलेले जेवण कोणी वाढलेच नव्हते. १९६३ साली त्याला 'व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस' हे नाव मिळाले. पटकीच्या जंतूचा हा चुलतभाऊ समुद्राचा मूळ रहिवासी आहे. मैल्याशी त्याचा जन्माचा संबंध नाही. अनुकूल तापमानात तो दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होतो. म्हणून उन्हाळ्यात चार तास बर्फावाचून राहिलेली मासळी धोक्याची ठरते. १९९६ च्या फेब्रुवारीत याच जंतूचा एक नवा प्रकार कलकत्त्यात आढळला आणि पुढे अनेक देशांत पसरला.

येथे एक खुलासा करायला हवा. व्हिब्रिओ कुळातले बहुतेक जीवाणू माणसाला काहीच करीत नाहीत. पटकीचा जंतू घातक ठरतो तो त्याच्या विषामुळे. हे विष शंभूनाथ डे यांनी कलकत्त्यात १९५९ साली दाखवून दिले. १९९६ साली असे आढळले की या विषाची जनुके एका विषाणूच्या मार्फत एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतात. म्हणजे आजचा निरुपद्रवी रहिवासी उद्या घातक होऊ शकतो.

कॉखची शंका खरी ठरते

१९७७ साली अमेरिकेतील रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेसापीक उपसागरातून पटकीचाच जीवाणू वेगळा केल्याचे जाहीर केले. आसपास कोठेही पटकीची साथ नव्हती. पाहुणा घरात आलाच नसेल, तर पाण्यात हा कोठून आला? उत्तर एकच होते. तो तेथेच राहतो. पुढच्या संशोधनात आढळले की तो कोपेपॉड नावाच्या, जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या कवचधारी प्राण्यांना चिकटून राहतो. खेकडे-कोळंबीच्या कवचात असते तेच कायटिन या प्राण्यांच्या कवचात असते आणि हा जीवाणू ते खाऊ शकतो. १९८२ साली याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. पाणी थंड झाले किंवा अन्न संपले की हा जीवाणू एका सुप्त अवस्थेत जातो. तो जिवंत असतो, पण नेहमीच्या बशीत वाढत नाही. 'बशी कोरी, म्हणजे पाणी स्वच्छ' हा आमचा विश्वास तेथे ढासळला. शिकत असताना खाडीच्या पाण्याच्या कोऱ्या बश्या पाहून मीही एकदा खूश झालो होतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच पाण्यात जीवाणूंची गर्दी दिसली, तेव्हा कोठे हा धडा अंगी लागला.

या ज्ञानाचा उपयोगही फार साधा निघाला. बांगलादेशातील मतलब भागातल्या ६५ खेड्यांत स्त्रियांना पिण्याचे पाणी जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून गाळायला शिकवले. जीवाणू सुटा असता तर तो कापडातून सहज निसटला असता. पण तो कोपेपॉडवर बसलेला असल्याने कोपेपॉडबरोबर अडकला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले.

दरम्यान १९९२ च्या अखेरीस मद्रासमध्ये ओ-१३९ हा पटकीच्या जंतूचा नवा प्रकार उद्भवला आणि बंगालच्या उपसागराच्या काठाने कलकत्ता व बांगलादेशात पोचला. १९९१ साली पेरूच्या किनाऱ्यावर पटकी उसळली होती. त्यानंतर दक्षिण अमेरिकेकडून मेक्सिकोच्या आखातातील बंदरात आलेल्या जहाजांच्या बॅलास्ट पाण्यात, म्हणजे जहाजाचा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरून घेतलेल्या पाण्यात, तेथल्या साथीचाच जंतू मिळाला.

दोन हिशेब

आपल्याकडे काय दिसते? गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या शतकाच्या पहिल्या दशकात मांडवी-झुआरीच्या खाड्या आणि मुंबई बंदराचे पाणी तपासले. त्यांनी मैल्याचे सूचक जीवाणू आणि व्हिब्रिओ हे दोन्ही मोजले. दोन्ही आढळले.

दोन्ही मोजणे महत्त्वाचे का, ते नियमांवरून कळेल. पोहण्यायोग्य समुद्राच्या पाण्यासाठी आपल्या देशातील मानक १०० मिलिलिटरमध्ये १०० विष्ठाजन्य कोलिफॉर्म असे आहे. त्यात व्हिब्रिओचा उल्लेख नाही. म्हणजे आपण पाहुणे मोजतो, रहिवासी नाही. बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये अमलात आला. त्यात मात्र १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय २५० पेक्षा कमी आणि विष निर्माण करणारा पटकीचा जंतू एकापेक्षा कमी, असे दोन्ही हिशेब आहेत. या कराराआधी बॅलास्टच्या अभ्यासासाठी जगातील जी सहा बंदरे निवडली होती, त्यात मुंबई होते.

'रहिवासी जंतू मैल्यातून येत नाहीत, तर मग मैल्याला दोष का द्यायचा?' असे कोणी विचारील. दोष आहे, तो असा. मैल्याबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात. त्यावर वनस्पती-प्लवक वाढतात, त्यांवर कोपेपॉड आणि कोपेपॉडांवर व्हिब्रिओ. आपण पाहुणे पाठवतो आणि वर रहिवाशांना शिधाही पुरवतो. मुंबईने १९९९ ते २००३ च्या दरम्यान वरळी आणि वांद्रे येथे मैला किनाऱ्यापासून सुमारे ३.४ किलोमीटर आत नेऊन सोडणारे बोगदे सुरू केले. किनाऱ्यावरचे पाहुणे त्यामुळे कमी होतात, पण शिधा मात्र समुद्रातच जातो. तो कमी करायचा तर मैल्यावर पूर्ण प्रक्रियाच हवी. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत सात शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांची एकूण क्षमता दिवसाला २४६० दशलक्ष लिटर असणार आहे. खाडीकाठच्या वाढत्या गावांनाही हा प्रश्न टाळता येणार नाही.

वर्गात करून पाहा

खाडीचे किंवा तळ्याचे पाणी स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या आणि उजेडासमोर धरा. भिंगातून पाहिल्यास झटके देत पोहणारे पांढुरके ठिपके दिसतील. त्यांत कोपेपॉड असण्याची बरीच शक्यता आहे. आता जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळून पुन्हा पाहा. ठिपके कोठे गेले? गाळलेले पाणी पिण्यासाठी उकळावेच लागेल, कारण सुटे जंतू त्यात आहेतच. हे मुलांकडूनच काढून घ्यावे. जखम असलेल्या हाताने पाणी हाताळू देऊ नये, नंतर साबणाने हात धुवावेत आणि शाळेत जीवाणू वाढवण्याचा प्रयोग मुळीच करू नये.

आणि त्या मुलाचे उत्तर? बाईंच्या हाती मी ते असे पाठवले. समुद्र काही जंतूंना मारतो, काहींना विरळ करतो आणि काहींना पोसतो. मिठाने सगळे मरत नाहीत. आईला सांग, कालवे खाडीतून काढल्यावर सावलीत आणि गार ठेवायची, घेणाऱ्याला चांगली उकळून शिजवायला सांगायचे, कच्ची किंवा अर्धकच्ची खायची नाहीत. शिंपल्याने हात कापला, तर साबण आणि स्वच्छ पाण्याने लगेच धुवायचा आणि सूज चढू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे, कारण व्हिब्रिओपैकी काही जखमेतूनही शिरतात. एवढे तिच्या हातात आहे.

गटाराचे तोंड कोठे उघडते, ते तिच्या हातात नाही. तो प्रश्न ग्रामसभेत विचारायचा आहे, आणि तो विचारायला वर्गातली मुले लवकरच पुरेशी मोठी होतील.